जुनं रोटरी इंजिन घेतलं आणि कॉम्प्रेशन कमी निघालं: पान्याला हात लावण्याआधी काय करायचं



मागच्या व्हिडिओत आपण एका जुन्या इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट बघितली. त्यानंतर दुकानात येणारा प्रत्येक जण एकच विचारतोय, "ताई, त्या मुलाच्या पैशांचं पुढे काय झालं?" व्हिडिओत मी काट्याचं हलणं दाखवण्यातच सगळा वेळ घालवला आणि हिशेबाचा भाग राहून गेला. तो आज लिहिते. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

ज्यांनी व्हिडिओ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंदिरानगरला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे हे तुम्हाला माहीतच आहे. बोगद्याच्या अलीकडे एका मुलाने दीड वर्षापूर्वी गॅरेज टाकलं. आपल्याच बॅचचा मुलगा, घर निफाडकडचं, द्राक्षबागायतदाराचा. हात चांगला आहे, बोलणं गोड आहे, उधारी वेळेवर देतो. नाशिकमध्ये रॅलीचं वेड जुनं आहे. त्याच्याकडे असाच एक हौशी क्लायंट आला आणि म्हणाला, मला बंद मैदानावर पळवायला एक गाडी बनवून दे आणि तिच्यात रोटरी इंजिन पाहिजे. रस्त्यावरच्या गाडीत दुसऱ्याच जातीचं इंजिन टाकणं हा आरटीओचा वेगळा आणि अवघड विषय आहे, त्यात इथे शिरत नाही. ही गाडी रस्त्यावर येणारच नव्हती.

मुलाने शोधाशोध केली. बाहेरगावच्या एका पार्टीकडे माझदा आरएक्स-8 मधून काढलेलं जपानी इंजिन मिळालं. किंमत 1,60,000 रुपये. क्लायंटने 1,00,000 ॲडव्हान्स दिला, वरचे 60,000 वडिलांनी द्राक्षांच्या पैशातून दिले. फोटोत इंजिन चकाचक होतं. क्लायंटला दिलेलं कोटेशन 3,10,000 चं होतं: इंजिन 1,60,000, बाकीचं सामान 80,000, आणि मजुरी व नफा मिळून 70,000.

आता खरी गोष्ट सांगते. हे कोटेशन त्याने पाठवण्याआधी मला दाखवलं होतं. मी बघितलं, बेरीज तपासली आणि "छान बनवलंयस" म्हणाले. जुनं इंजिन, न बघता घेतलेलं, परदेशातून काढून आणलेलं, आणि कोटेशनमध्ये "इंजिन खराब निघालं तर" या नावाची एकही ओळ नाही. बीबीए करून आणि दहा वर्षं गल्ल्यावर बसून ती ओळ मला दिसली नाही. त्यामुळे या सगळ्यात माझाही वाटा आहे, आणि म्हणूनच मी त्या गॅरेजमध्ये तीन संध्याकाळी उभी होते.

रोटरी म्हणजे नेमकं काय

आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. रोटरीत पिस्टनच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर असतो आणि तो शेंगदाण्याच्या टरफलासारख्या, मधे किंचित दबलेल्या हाउसिंगमध्ये गोल गोल फिरतो. जर्मनीच्या फेलिक्स वांकेलची ही कल्पना. मोटारींमध्ये ती टिकवून धरली माझदाने, 1967 च्या कॉस्मोपासून थेट आरएक्स-8 पर्यंत. 1991 ची ल मां शर्यतही माझदाने चार रोटरच्या गाडीने जिंकली होती.

हे आपल्याकडचं नाही असं वाटत असेल तर नगरचं उदाहरण घ्या. आता आपण अहिल्यानगर म्हणतो. तिथल्या व्हीआरडीई या संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेने बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई यांच्यासोबत एक वांकेल इंजिन बनवलं, 55 हॉर्सपॉवरचं. निशांत हे बिनवैमानिकाचं विमान आधी परदेशी इंजिनावर उडायचं. 2009 मध्ये ते या देशी इंजिनावर कोलारजवळ उडालं. अशा विमानात रोटरीच का घेतात? आकाराने लहान, वजनाने हलकं, थरथर कमी. शर्यतीच्या हौशी लोकांना ते आवडतं तेही याच कारणांसाठी.

पण प्रत्येक फायद्याची किंमत कुठेतरी मोजावी लागते. रोटरीत ती सीलमध्ये मोजली जाते. त्रिकोणाच्या तीन टोकांना तीन एपेक्स सील असतात. पातळ पट्ट्या, मागे स्प्रिंग, आणि त्या सतत हाउसिंगला घासत फिरतात. शिवाय रोटरच्या कडांना साइड सील आणि कोपऱ्यांत कॉर्नर सील. पिस्टनला जे काम रिंगा करतात ते इथे या सगळ्या पट्ट्या करतात. त्या झिजल्या, अडकल्या, तुटल्या की हवा दाबली जाण्याआधीच निसटते. कॉम्प्रेशन कमी म्हणतात ते हेच. मग इंजिन थंड असताना कसंबसं चालू होतं, गरम झाल्यावर बंद केलं की परत चालूच होत नाही, ताकद लागत नाही.

साध्या गेजने केलेली फसवणूक

इंजिन टेम्पोतून उतरलं. मुलाने स्टँडवर घेतलं, बेलहाउसिंग, फ्लायव्हील आणि स्टार्टर बसवला, नेहमीचं पेट्रोल इंजिनाचं गेज प्लगच्या भोकात लावलं आणि सेल्फ मारला. पुढच्या रोटरला 5.9 बार, मागच्याला 6 बार. त्याने मला फोन केला, "ताई, थोडं कमी आहे पण दोन्ही सारखे आहेत, चालेल ना?"

मला काय कळणार? मी भद्रकालीतल्या एका जुन्या मिस्त्रींना फोन लावला. मामांनी रोटरी आयुष्यात दोनदाच उघडलंय, पण तेवढं पुरे होतं. ते पहिलंच वाक्य बोलले, "त्या गेजमधला वॉल्व्ह काढला का?"

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथेच फिरली. साध्या गेजच्या नळीत एक बारीक वॉल्व्ह असतो, सायकलच्या ट्यूबला असतो तसाच. तो दाब आत घेतो, बाहेर सोडत नाही. म्हणून काटा सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाऊन थांबतो. पिस्टनच्या इंजिनात ते बरोबर आहे, कारण एका सिलिंडरला एकच पिस्टन आणि एकच आकडा. रोटरीत एका रोटरला तीन बाजू. तिन्ही बाजू एकाच प्लगसमोरून एकामागून एक जातात. म्हणजे गेज तुम्हाला तिघांतल्या सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा दाखवतं आणि उरलेल्या दोघी त्याच्या मागे लपून राहतात. घरात तीन भाऊ, एक कमावता, आणि स्थळ बघायला आलेल्यांसमोर फक्त त्यालाच बसवायचं, असा प्रकार!

दोन रोटर असतील तर आकडे सहा पाहिजेत. दोन आकड्यांवर रोटरी इंजिन विकत घेऊ नका.

आम्ही वॉल्व्ह काढला. आता काटा थांबत नाही, नाचतो. तो नाच मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतला. मागच्या रोटरला काटा एकसारखा उडत होता, ठक ठक ठक. पुढच्या रोटरला एक उंच, दोन ठेंगण्या, एक उंच, दोन ठेंगण्या. व्हिडिओत हे तुम्ही बघितलंत. गेज नसेल तर प्लग काढून इंजिन हाताने सावकाश फिरवा आणि कान द्या. फस फस फस असे तीन सारखे आवाज यायला हवेत. हे फुकट आहे आणि विकणाऱ्याच्या गोदामात उभं राहून दोन मिनिटांत होतं.

वॉल्व्ह काढल्यावर गेजचा आकडा मात्र खरा धरू नका. नळीतली हवा दाब खाते, त्यामुळे काटा नेहमी कमीच दाखवतो. त्यातून फक्त तिन्ही बाजू सारख्या आहेत का तेवढं कळतं.

आकडा खरा कधी मानायचा

दुसऱ्या दिवशी अंबड एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करणारा माझा एक मित्र प्रेशर सेन्सर आणि छोटा ऑसिलोस्कोप घेऊन आला. सेन्सर प्लगच्या भोकात, आणि पडद्यावर दाबाचा आलेख. रोटरीचा खास टेस्टरही आतून हेच करतो.

आलेखावर पहिल्यांदा दिसला तो वेग. रोटर एकदा फिरतो तेव्हा शाफ्ट तीनदा फिरतो, आणि तेवढ्यात तिन्ही बाजू एकेकदा हवा दाबतात. म्हणजे दोन उंचवट्यांमधलं अंतर हे शाफ्टच्या बरोबर एका फेरीएवढं. आमचं अंतर 0.34 सेकंद आलं. 60 ला 0.34 ने भागा, मिनिटाला साधारण 176 फेऱ्या. कंपनीचे आकडे 250 फेऱ्यांवर दिलेले असतात, तिथे अंतर 0.24 सेकंद असायला पाहिजे. सेल्फ हळू फिरला की हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. बॅटरी गॅरेजमधली जुनी होती. माझ्या दुकानातली नवी लावली, जोडीला दुसरी जंपरने दिली. अंतर 0.25 वर आलं, म्हणजे 240 फेऱ्या. चालण्यासारखं.

टेस्ट करताना आणखी काय सांभाळायचं तेही सांगून टाकते. पेट्रोल बंद, इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. एका रोटरला दोन प्लग असतात, त्यातला एकच काढायचा, दुसरा घट्ट राहू द्यायचा. गाडीत बसलेलं इंजिन असेल तर आधी गरम करून घ्यायचं. आमचं स्टँडवर होतं, गरम करणं शक्य नव्हतं, तेव्हा कागदावर स्पष्ट "थंड" असं लिहिलं. हे लिहिणं पुढे कामाला आलं.

आणि एक गोष्ट जी मलाही माहीत नव्हती. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे. इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ. मग तेच इंजिन मुंबईत जेवढं कॉम्प्रेशन दाखवेल त्यापेक्षा इथे साधारण अर्धा बार कमी दाखवणार. विकणाऱ्याने मुंबईत टेस्ट केली आणि तुम्ही नाशकात, तर या अर्ध्या बारवरून भांडण ठरलेलं. तेव्हा आकडे जुळवताना ही मिळवणी करून घ्या.

आरएक्स-8 च्या इंजिनाला नव्या स्थितीत सुमारे 8.3 बार असतं आणि 6.8 च्या खाली गेलं की इंजिन उघडायची वेळ आली असं समजतात. एकाच रोटरच्या तीन बाजूंमध्ये फरक 1.5 बारच्या आत आणि दोन रोटरमध्ये 1 बारच्या आत हवा. आमचे आकडे असे आले: मागचा रोटर 6.6, 6.5, 6.7. नाशिकचा अर्धा बार मिळवला की सात-सव्वासात, थंड इंजिनाच्या मानाने पास. पुढचा रोटर 6.4, 4.1, 3.9.

मुलगा खाली बसला. अक्षरशः खाली, टायरवर. त्याचे वडील त्या दिवशी नेमके मार्केटला आले होते आणि गॅरेजवर डोकावले होते. त्यांना बार-बिर काही कळलं नाही, पण पोराचं तोंड कळलं. मी म्हणाले, "काका, अजून काही ठरलेलं नाही, थोडं थांबा." ते म्हणाले, "बागेतही पान पिवळं पडलं की लगेच झाड उपटत नाही आम्ही."

आकडे काय बोलतात

पुढच्या रोटरच्या दोन बाजू कमी आणि एक बरी. मामा फोनवरच म्हणाले, "एपेक्स सील." कसं? प्रत्येक टोकाचं सील त्याच्या दोन्हीकडच्या बाजूंना सामायिक असतं. ते एक गेलं की दोन बाजू एकदम पडतात. एकच बाजू पडली असती तर संशय साइड किंवा कॉर्नर सीलवर गेला असता. तिन्ही बाजू सारख्याच पडलेल्या असत्या तर सर्वसाधारण झीज, किंवा काहीच बिघाड नाही, नुसतं इंजिन पेट्रोलने धुतलं गेलंय.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. रोटरीत सीलला ऑइलच्या पातळ थराची साथ लागते, म्हणून हे इंजिन मुद्दाम थोडं ऑइल जाळतं. "ऑइल खातं" ही तक्रार इथे एका मर्यादेपर्यंत तक्रारच नाही. इंजिन चालू न होता वारंवार सेल्फ मारला की आत पेट्रोल साचतं, ऑइलचा थर धुऊन जातो आणि कॉम्प्रेशन एकदम खाली येतं. लोक घाबरून इंजिन विकायला काढतात. प्लग काढा, पेट्रोल तोडा, सेल्फ मारून आतलं बाहेर उडवा, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि परत मोजा. कितीतरी "मेलेली" रोटरी इंजिनं एवढ्यावर उठून बसतात. अशी घाबरलेली पार्टी तुम्हाला भेटली तर तुमचं नशीब.

आम्हीही ऑइल सोडलं. पुढच्या रोटरचे पडलेले आकडे साडेपाचच्या आसपास चढले आणि थोड्या फेऱ्यांत परत खाली आले. म्हणजे गळती सीलपाशीच आहे हे पक्कं झालं. मग शेवटची स्वस्त आशा उरली. इंजिन बरेच महिने पडून असेल तर कार्बन आणि गंजाने सील आपल्या खाचेत अडकून बसतं, स्प्रिंग त्याला बाहेर ढकलू शकत नाही. ट्रान्समिशन ऑइल भरून रात्रभर ठेवलं, मधेमधे हाताने फिरवलं. सकाळी 4.6 आणि 4.3. सुधारलं, पण पुरेसं नाही.

जुन्या रोटरींमध्ये एग्झॉस्टचं भोक हाउसिंगच्या घेरावर असतं, तिथून एपेक्स सील डोळ्याने दिसतं आणि मऊ काडीने दाबून स्प्रिंग जिवंत आहे का तेही बघता येतं. आरएक्स-8 मध्ये ते भोक बाजूच्या पत्र्यात नेलंय, त्यामुळे ही सोय नाही. प्लगच्या भोकातून कॅमेऱ्याची नळी घातली. दिसलं ते अंधुक: हाउसिंग बहुतेक स्वच्छ, एका जागी बारीक रेघ असावी किंवा नसावी.

तेवढ्यात मुलाने पाना उचलला. "ताई, उघडूनच टाकतो, एकदा काय ते कळू दे."

मी त्याचा हात धरला.

पाना खाली ठेव

मित्रांनो, जो मेकॅनिक असतो त्याला उघडल्याशिवाय चैन पडत नाही. पण धंदा करणाऱ्याला आधी विचारावं लागतं की उघडलं की कोणाचा फायदा होतो. इंजिन बंद होतं तोपर्यंत प्रश्न विकणाऱ्याचा होता. पहिला बोल्ट सुटला की विकणारा म्हणणार, तुम्हीच बिघडवलं, आणि त्याला खोटं पाडायला आपल्याकडे काहीच नाही.

बिल काढून बघितलं. वर लिहिलं होतं "टेस्टेड इंजिन", आणि खाली बारीक अक्षरात "जसं आहे तसं, परत घेतलं जाणार नाही". एकाच कागदावर दोन वाक्यं, एकमेकांच्या उरावर बसलेली. टेस्टेड म्हणजे कशाने, कधी, किती आकडा, काहीच नाही. आपण ते पैसे देण्याआधी विचारायला हवं होतं. कुर्ल्याला, मायापुरीला किंवा कुठेही जुना माल घ्यायला जाल तेव्हा "टेस्टेड" या शब्दावर खूश होऊ नका, आकडा मागा. बिलावर सहा आकडे आणि फेऱ्यांचा वेग लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून घ्यायचंच असेल तर भाव वेगळा लावा.

आम्ही दुसऱ्या दिवशी पूर्ण टेस्ट परत केली, यावेळी एका सलग व्हिडिओत. आधी इंजिन नंबर, मग न उघडलेले बोल्ट, बॅटरीचं व्होल्टेज, सेन्सरचा आलेख, वेगाचा हिशेब, नाशिकची मिळवणी, "थंड" अशी नोंद. आपल्या बाजूचे आणि आपल्या विरुद्धचे, दोन्ही प्रकारचे आकडे. मागचा रोटर चांगला आहे हेही स्पष्ट सांगितलं. मुलाला ते पटत नव्हतं, "आपण त्यांची बाजू कशाला मांडायची?" पण समोरचा माणूसही याच धंद्यातला. सगळंच वाईट आहे म्हटलं की तो पुढचं ऐकत नाही.

पहिला फोन आरडाओरडीचा झाला. तुमचा टेस्टर चुकीचा, तुमची बॅटरी डाऊन. व्हिडिओत दोन्हीची उत्तरं होती. मग बराच वेळ शांतता, आणि मग त्यांनी एकच विचारलं, "खोललं का?" मुलगा म्हणाला, "नाही." तिथून बोलणं भावावर आलं. दोन दिवसांनी त्यांनी दोन पर्याय दिले: इंजिन परत पाठवा, दोन्हीकडचं भाडं तुमचं. किंवा ठेवा आणि 45,000 परत घ्या.

कागदावर मांडलेला हिशेब

दुकानाच्या काउंटरवर बसून आम्ही हे लिहून काढलं. एका बाजूचं भाडं 9,000, परत पाठवायचं म्हणजे 18,000 गेले, आणि इंजिन त्यांच्याकडे पोचल्यावर 1,60,000 परत येतील याची खात्री फक्त फोनवरच्या शब्दाची. ठेवायचं तर सील आणि गॅस्केटचा सेट बाहेरून मागवायचा, कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून मुलाचा अंदाज 65,000. ती कॅमेऱ्यातली रेघ खरी निघाली तर पुढचं हाउसिंगही बदलायचं, आणखी 55,000.

नुसतं सीलवर भागलं तर 65,000 मधून 45,000 वजा, त्याच्या 70,000 पैकी 50,000 उरतात. हाउसिंगही लागलं तर 1,20,000 मधून 45,000 वजा, 75,000 चा खड्डा. म्हणजे गाडी बनवून वर 5,000 आपल्या खिशातले. तीन महिन्यांचं काम, गॅरेजचं भाडं वेगळं.

त्याने विचारलं, "क्लायंटला सांगायचं का? की बाकीच्या सामानात ॲडजस्ट करू?" हा प्रश्न मला बॅचमध्ये दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं, वेगवेगळ्या शब्दांत. 80,000 च्या सामानात 20-30 हजार लपवणं अवघड नाही. पण शर्यतीची गाडी आहे, क्लायंट हौशी आहे, हौशी माणूस प्रत्येक पार्टची किंमत रात्री जागून मोबाइलवर बघतो. मी सांगितलं, इंजिन उघडायच्या आधी सांग, कारण उघडल्यावर सांगितलंस तर तो निर्णय तू त्याच्या वतीने घेतलेला असेल.

क्लायंट आला. व्हिडिओ बघितला, दोनदा. चिडला, आणि चिडण्यासारखंच होतं. मग शांतपणे विचारलं, "तुझं स्वतःचं इंजिन असतं तर?" मुलगा म्हणाला, "ठेवलं असतं, साहेब. मागचा रोटर चांगला आहे, आणि नवीन मागवलं तरी तेही न बघताच येणार." तिथेच लिहून घेतलं: सीलचा खर्च गॅरेजचा, हाउसिंग लागलं तर निम्मं निम्मं, डिलिव्हरी दोन महिने पुढे. साध्या वहीच्या पानावर, दोघांच्या सह्या.

45,000 खात्यात आल्यावरच इंजिन उघडलं. मामा स्वतः आले होते. पुढच्या रोटरच्या एका एपेक्स सीलचा कोपरा उडालेला, आणि हाउसिंगवर नख अडकेल अशी रेघ. म्हणजे हाउसिंगही लागणार. मागचा रोटर उघडला तेव्हा सील एकसारखे झिजलेले, बाकी स्वच्छ. तेही बदलूनच घेतोय, एवढं उघडल्यावर जुने परत घालण्यात काय अर्थ? कूलंटचे सीलही नवे टाकतोय, कारण त्यांची गळती कॉम्प्रेशन टेस्टमध्ये दिसेलच असं नाही. रोटरी गरम होऊन मरतं ते बऱ्याचदा तिथून.

नवा हिशेब: 1,20,000 खर्च, 45,000 परत आले, हाउसिंगचे 27,500 क्लायंटचे. 70,000 मधून मुलाच्या हातात 22,500 उरतात. वडिलांचे 60,000 सध्या याच गाडीत अडकलेत आणि गाडी क्लायंटच्या ताब्यात जाईपर्यंत मोकळे होणार नाहीत. काका महिन्यातून एकदा गॅरेजवर चक्कर मारतात, काही बोलत नाहीत, हाउसिंग आलं का एवढंच विचारतात.

तुमच्यातले बरेच जण रोटरीच्या वाटेला कधी जाणार नाहीत हे मला माहीत आहे. जुना छोटा हत्ती किंवा पिकअप घेऊन भाजी, पाणी, फरसाणाची डिलिव्हरी सुरू करायचं तुमच्या डोक्यात आहे. तिथेही हेच करा: सगळ्या सिलिंडरचे आकडे वेगवेगळे घ्या, ऑइल टाकून परत घ्या, बॅटरी आधी बघा. पिस्टनच्या इंजिनात ऑइलने आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ऑइलची ही परीक्षा पेट्रोल आणि सीएनजीवरच करा. डिझेलला पेट्रोलचं गेज लावू नका, तिथला दाब दुपटीहून जास्त असतो, गेज फुटेल. डिझेलचं वेगळं गेज असलेला मिस्त्री बघा आणि त्याला त्याचे पैसे द्या.

आपल्या मुलाने आता तो सेन्सर स्वतःचा घेतलाय. गेल्या महिन्यात जुन्या गाड्या घ्यायला निघालेल्या चार जणांनी त्याला सोबत नेलं, प्रत्येकी 1,500 रुपये. दोघांनी टेस्टनंतर गाडी घेतलीच नाही. आणि त्याच्या कोटेशनच्या नमुन्यात आता शेवटून दुसरी एक नवी ओळ आहे, "जुन्या इंजिनात उघडल्यावर निघणारं काम", समोर रक्कम आणि क्लायंटच्या सहीची जागा. ती ओळ मी माझ्या बॅचच्या नमुन्यातही टाकली, जरा उशिरा.

हाउसिंग अजून कस्टममध्ये आहे. आलं की जोडणीचा व्हिडिओ करू, आणि जोडल्यावर परत सहाही आकडे दाखवू, जे येतील ते.